सात नंबरचं स्टेशन आणि बिराजदार अण्णा

माझ्या कपाटात एक अर्धी साडी आहे. अर्धी म्हणजे अगदी मधोमध फाडलेली. निळ्या चौकड्यांची, लाल काठाची, धुऊन धुऊन मऊसूत झालेली सुती साडी. परवा निनादकडे, म्हणजे माझ्या मुलाकडे, अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर राहायला आले तेव्हा सामानातून ती निघाली. सून म्हणाली, "आई, ही डस्टिंगला घेऊ?" मी इतक्या जोरात "नाही!" म्हटलं की ती बिचारी दचकलीच. नंतर माझं मलाच हसू आलं, कारण त्या साडीचं खरं काम धूळ पुसण्याचंच होतं.

त्याच दुपारी निनादचा फोन किणकिणला. रास अल खैमाच्या डोंगरात पाऊस, वादीपासून लांब राहा, असा काहीतरी मेसेज होता. वादी म्हणजे तिकडची नदी, वर्षभर कोरडी आणि एखाद्या दिवशी अचानक भरणारी. मी उठून उभीच राहिले. निनाद मान वर न करता म्हणाला, "मॉम, इट्स जस्ट ॲन अलर्ट. चिल."

जस्ट म्हणे! एके काळी या एका 'जस्ट'साठी बिराजदार अण्णा आठवड्याला हजार किलोमीटर पिकअप हाकत होते.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही शारजात रोल्लाला राहत होतो. नवरा बँकेत, निनाद शाळेत आणि मी घरात बसून भिंती मोजत होते. पार्ल्यात वाढलेली, बीएस्सी झालेली बाई किती दिवस भिंती मोजणार? मग एका कंपनीत कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. ही कंपनी पाऊस, वारा आणि पाण्याची पातळी मोजणारी स्टेशनं सांभाळायची. स्टेशन म्हणजे काय, तर वाळवंटात किंवा डोंगरात माणूस नसलेल्या जागी उभा केलेला एक खांब. त्यावर पाऊस मोजायचं भांडं, यंत्राची पेटी, सोलर पॅनल, एरियल आणि खाली बॅटरी. अशी एकतीस स्टेशनं होती. प्रत्येक जण तासातून एकदा रेडिओवरून आपला आकडा पाठवायचा आणि तो माझ्या स्क्रीनवर उमटायचा. तक्ते करून ठेवायचे, ही माझी नोकरी. ती स्टेशनं जिवंत ठेवायची, ही अण्णांची.

चंद्रकांत बिराजदार. मूळचे सोलापूरचे, तिकडे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. बुटके, काळेसावळे, कानावर केस. पहिल्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, "ताई, घरात जुन्या सुती साड्या हायत का?"

मी म्हटलं, हा काय माणूस आहे! बोहारीण बरी, निदान बदल्यात पातेलं देते.

पण त्यात त्यांचं अख्खं शास्त्र होतं. तिथल्या हिवाळ्यात पहाटे दाट धुकं पडतं. पॅनलवरची धूळ त्या दवात भिजते आणि ऊन वर आलं की तिचं खरपुडीसारखं कवच होतं. कवच झालं की पॅनल आंधळं. पॅनल आंधळं की बॅटरी उपाशी, बॅटरी उपाशी की स्टेशन मुकं. कंपनी पुसायला जे कापड द्यायची त्यानं काचेवर ओरखडे उठायचे. अण्णांनी सगळं करून पाहिलं आणि शेवटी निर्णय दिला की जुन्या सुती साडीसारखं कापड जगात नाही, आणि पुसायचं ते दव वाळायच्या आत. झालं! रोल्लातल्या यच्चयावत मराठी बायका सुट्टीवरून येताना आईच्या, मावशीच्या, सासूच्या जुन्या साड्या बॅगेत कोंबून आणायला लागल्या. एअरपोर्टवर एकीला विचारलंसुद्धा, एवढी चिंधी कशाला? ती म्हणाली, "फॉर सोलर." सोडलं तिला.

सोलापूरचा माणूस, म्हणून त्यांना पावसाचं फार. एखाद्या स्टेशनवर दोन मिलिमीटर पाऊस पडला तरी मला रेडिओवर विचारायचे, "दोन? नीट बगा की ओ, अडीच असंल." कोणतीही गोष्ट बिघडली की त्यांचा एकच सल्ला, आधी धूळ बघा. माझा मिक्सर बंद पडला, धूळ बघा. सैफसाहेब, म्हणजे आमचे मुदीर, आमचे सर्वांत वरचे साहेब, एकदा आठवडाभर कोणाशी धड बोलेनात. अण्णा मला हळूच म्हणाले, "कुठंतरी धूळ बसली आसंल. आपोआप जाती."

बॅटऱ्यांचं त्यांचं आणखी एक वेड. पेटीत ठेवलेली बॅटरी उन्हाळ्यात उकडून वर्षभरात मरायची. अण्णांनी प्रत्येक स्टेशनखाली कमरेएवढा खड्डा खणून बॅटरी जमिनीत ठेवली, वर हवेला नळी, वर फळी. आम्ही हसायचो, अण्णांनी बॅटरीला समाधी दिली म्हणून. पण त्या बॅटऱ्या चार-चार वर्षं चालायच्या. दर फेरीला त्यांच्या खणांत डिस्टिल्ड वॉटर घालताना ते असे तन्मय व्हायचे की घरी तुळशीला तरी कोणी इतक्या निगुतीनं पाणी घालत असेल का, कोण जाणे.

एकदा बर्फाच्या मुलखातून एक इंजिनिअर आला होता, लार्स नावाचा. उत्तर ध्रुवाजवळ अशीच बिनमाणसांची स्टेशनं सांभाळायचा. सॅटेलाइटवरून आकडे पाठवायचं नवं यंत्र आम्हाला दाखवायला आला होता. उंच, गोरा, आणि इथल्या उन्हात टोमॅटोसारखा झालेला. सैफसाहेबांनी त्याला चार दिवस अण्णांच्या पिकअपमध्ये बसवून दिलं. मला धास्ती, की हे दोघं बोलणार कसे? अण्णांचं इंग्रजी म्हणजे 'नो प्रॉब्लेम', 'बिग प्रॉब्लेम' आणि 'टी?' एवढंच.

चार दिवसांनी परत आले तर दोघं जुने दोस्त! अण्णा मला सांगत होते, "ताई, त्याच्याकडं चार-चार महिने सूर्यच उगवत न्हाई. अहो, मग पॅनलनं करायचं काय? तर तो बॅटऱ्या ठेवतो पोतंभर, आन् वारा असंल तर पंखा फिरवून भरतो. आन् बॅटरी कुठं ठेवतो माहितीय?"

"कुठे?"

"जमिनीत!" अण्णांनी टेबलावर थाप मारली. "खोका करून, गुंडाळून, बर्फाच्या खाली. म्या गारव्यासाठी पुरतो, त्यो उबेसाठी पुरतो. पण पुरतो की नाय?"

लार्सनं जाताना साडीचा एक तुकडा मागून घेतला. माझ्या माहितीप्रमाणे माझ्या मामींची जांभळी साडी उत्तर ध्रुवापर्यंत गेली. मामींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तर अजून शिर्डीलाही गेले नाही."

आता सात नंबर.

सात नंबरचं स्टेशन रास अल खैमाच्या डोंगरात, एका वादीच्या वरच्या अंगाला होतं. खाली पाच-सहा किलोमीटरवर खजुराची बाग, आणि बागेतल्या अकरा कामगारांच्या खोल्या वादीच्या अगदी काठाशी. स्टेशन नव्हतं तेव्हा एकदा पाणी आलं आणि त्यात एक माणूस गेला होता. त्याचा भाऊ गुल जमान त्याच बागेत काम करायचा, पेशावरकडचा उंच पठाण. दर शुक्रवारी पहाटेची, फजरची नमाज झाली की तो चालत वर जायचा आणि सात नंबरचं पॅनल आमच्या साडीनं पुसायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. अण्णांना पुसताना पाहून त्यानं स्वतःच ते काम मागून घेतलं. अण्णा रोज सकाळी ऑफिसच्या रेडिओवर पहिली चौकशी करायचे ती, "सात नंबर काय म्हणतोय?" बाकी तीस नंतर.

आणि त्याच सात नंबरचा मी घोळ घातला.

एका फेब्रुवारीत ते स्टेशन बुधवार दुपारपासून शुक्रवार सकाळपर्यंत गप्प होतं. त्याच आठवड्यात वार्षिक रिपोर्ट जायचा होता आणि सैफसाहेबांना तक्ता कसा हवा असायचा, तर स्वच्छ. एकही रिकामी चौकट नको. मी पाहिलं, सात नंबरवर गेले कित्येक महिने शून्यच शून्य. इथे कुठला पाऊस! मी त्या रिकाम्या चौकटींत शून्यं टाकली. शाळेत वही सुंदर दिसावी म्हणून आपण खाडाखोड झाकतो ना, तितक्याच सहजपणे. तक्ता देखणा झाला आणि सैफसाहेब म्हणाले, "मुमताझ, सिस्टर." मुमताझ म्हणजे उत्तम. मी खूश.

पंधरा दिवसांनी नोटीस लागली. ज्या स्टेशनांवर पाऊसच पडत नाही अशी पाच स्टेशनं बंद करून दुसरीकडे हलवायची. यादीत सात नंबर.

अण्णा माझ्या टेबलाशी आले. हातात रिपोर्ट आणि त्यांची ती मेणकापडाची वही, जिच्यात ते प्रत्येक फेरीची नोंद स्वतःच्या अक्षरात करायचे.

"ताई, हे शून्य कुणी पाठवलं?"

"सात नंबरनं."

"सात नंबर त्या दिवशी मेलता ओ. मेलेला माणूस शून्य म्हणत नसतो."

मी म्हटलं, "अहो अण्णा, पाऊस नव्हताच कुठे. शून्य काय आणि रिकामं काय, एकच."

त्यांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. शुक्रवारची नोंद होती. खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर ओल्या काड्या आणि पाला अडकलेला. म्हणजे स्टेशन बंद असतानाच पाऊस झाला होता आणि वादीला पाणी येऊन गेलं होतं. खोल्यांपर्यंत पोचलं नाही, हे नशीब. वर्षातला एकुलता एक पूर, आणि त्याच्या जागी माझ्या हातची शून्यं. त्या शून्यांनी सात नंबरला यादीत बसवलं होतं.

"कोरं ठिवायचं होतं, ताई," ते म्हणाले. "कोरं बगितल्यावर माणूस इचारतो तरी, का कोरं हाय. शून्याला कोण इचारतंय?"

आवाज चढवला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण ते हळू बोलले. मी म्हटलं, "मग जाऊन सांगा ना सैफसाहेबांना. माझी नोकरी जाईल, जाऊ दे."

"मी न्हाई सांगणार. शून्य तुमचं हाय." आणि वही उचलून गेले.

मला त्या माणसाचा इतका राग आला! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "गप्प बस, कोणाला कळणार आहे?" खरंच होतं. कोणालाच कळलं नसतं. पण मला तो न पाहिलेला गुल जमान दिसायला लागला, हातात कोणाची तरी साडी घेऊन शुक्रवारी चढ चढणारा. आणि तो वर पोचतो तर तिथे खांबच नाही. मी स्वतःला चांगली बाई समजत होते, आणि मी काय केलं होतं? एक चौकट रिकामी दिसू नये म्हणून अकरा माणसांचा राखणदार घालवला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सैफसाहेबांच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात दार वाजलं. अण्णा आत आले, वही छातीशी धरून. बाहेरच उभे असणार.

"सर, बिग प्रॉब्लेम," ते म्हणाले. "मिस्टेक माय."

मग हिंदीत सांगितलं. गुल जमान रजेवर गावी गेला होता, तीन शुक्रवार पॅनल पुसलं गेलं नव्हतं. अण्णांना ते ठाऊक होतं, मधे एक फेरी मारायला हवी होती. आदल्या आठवड्यात मुलीची बारावीची परीक्षा होती म्हणून ते घरी थांबले. "स्टेशन मेरी वजह से बंद हुआ, साब. बंद न होता तो ताई शून्य किधर डालती?"

सैफसाहेब एकदा माझ्याकडे, एकदा अण्णांकडे. मग म्हणाले, "या ऑफिसात चूक झाली की मला महिना महिना माणूस सापडत नाही. आज एका चुकीला दोन-दोन! खलास. जा दोघं." दुपारी मला मेमो मिळाला, तो अजून आहे. आणि रिपोर्ट दुरुस्त होऊन गेला, त्यात सात नंबरसमोर दीड दिवस कोरा. स्टेशनला एक वर्षाची मुदत मिळाली.

बाहेर आल्यावर मी अण्णांना म्हटलं, "मुलीच्या परीक्षेचं मला का नाही सांगितलंत? मी एवढी चिडले होते तुमच्यावर."

"चिडलेलं बरं असतंय," ते म्हणाले. "साडी हाय का एखादी?"

मी माझी निळ्या चौकड्यांची दिली. आईनं दिलेली होती, अजून नेसण्यासारखी होती. सात नंबरसाठी, असं सांगून दिली.

पुढच्या हिवाळ्यात, मुदत संपायला दोन महिने होते तेव्हा, एके दुपारी मी डबा उघडून बसले होते. शारजात ऊन होतं. सात नंबरचा आकडा अवेळी उमटला. पाण्याची पातळी हलली की तो दर दहा मिनिटांनी बोलायचा. वीस सेंटिमीटर. मग पन्नास. मग एकदम एकशे दहा. माझा घास हातातच राहिला. नियम असा की आधी पोलिसांना फोन, मग बागेत. पोलिसांना केला. मग बागेच्या पंपघरातला फोन लावला. वाजतोय, वाजतोय. शेवटी गुल जमाननंच उचलला.

"गुल जमान, मैं ऑफिस से! पानी आ रहा है, यल्ला, सबको ऊपर ले जाओ!"

"बाजी, यहाँ तो धूप है। एक बूँद भी नहीं।"

"धूप है तो भी जाओ! सात नंबर बोल रहा है!"

तो म्हणाला, "अण्णावाला सात नंबर?"

"हाँ, अण्णावाला!"

त्यानं फोन ठेवलाच नाही, नुसता सोडून दिला. मला त्याच्या हाका ऐकू येत राहिल्या, पश्तूत, उर्दूत, लांब लांब जाणाऱ्या.

स्क्रीनवर एकशे ऐंशी आलं. मग दोनशे दहा. आणि मग काहीच नाही. पुढच्या दहा मिनिटांची चौकट रिकामी, त्याच्या पुढची रिकामी.

अण्णा त्या दिवशी अबू धाबीच्या पलीकडे, पश्चिमेच्या वाळवंटात होते. तासाभरानं रेडिओवर त्यांचा आवाज आला. सैफसाहेबांनी कळवलं असावं. पहिला प्रश्न, "माणसं?"

"वर आहेत अण्णा. सगळी, अकराही. आत्ताच पोलिसांचा फोन आला. खोल्या गेल्या."

मग, "सात नंबर काय म्हणतोय?"

"शेवटचा दोनशे दहा. मग गप्प."

"मग पुढं काय लिवलं?"

"कोरं," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. अण्णा तिकडून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तसंच."

आठ वर्षं मी त्या स्टेशनचे आकडे लिहिले होते, पण स्टेशन कधी पाहिलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर अण्णा निघाले तेव्हा मी हट्टानं पिकअपमध्ये बसले. त्यानंतर काही महिन्यांतच सॅटेलाइटवाली यंत्रं आली, अण्णांचं काँट्रॅक्ट संपलं आणि ते सोलापूरला परत गेले. मी तेव्हा रजेवर मुंबईत होते, निरोपाची गाठभेट झालीच नाही. म्हणून माझ्या डोळ्यांपुढे आहेत ते त्या दिवशीचे अण्णा.

गुल जमान वाटेत भेटला. छातीवर हात ठेवून त्यानं मला सलाम केला, आणि मी त्याला. तो आमच्याबरोबर वर आला. खांब नव्हता. पॅनल, एरियल, भांडं, पेटी, काही नाही. काठाचा अर्धा भाग खचून गेला होता, सगळीकडे धोंडे आणि चिखल. अण्णा वाकले आणि हातांनीच दगड बाजूला करू लागले. गुल जमानही लागला. खाली फळी होती. फळीखाली खड्डा, आणि खड्ड्यात बॅटरी, तुटलेल्या वायरी वर आलेली, पण जागच्या जागी.

अण्णांनी मीटरच्या पिना लावल्या. काटा हलला. "बारा व्होल्ट," ते म्हणाले. "बगा ताई, हा हाय की अजून."

मग गुल जमाननं कमरेची गुंडाळी सोडून माझी साडी काढली. खोल्यांतलं सगळं वाहून गेलं होतं, पण ते कापड त्यानं उचललं होतं. अण्णांनी ती मधोमध फाडली. अर्धी त्याला दिली, नव्या खांबासाठी. अर्धी मला. "घ्या. तुमच्या कॉम्प्युटरवर बी धूळ बसती."

वही काढली, तारीख घातली, 'बॅटरी चालू' एवढं लिहिलं आणि पाण्याच्या पातळीपुढची जागा सोडून दिली. मला म्हणाले, सही करा. मी केली.

ऊन चढायला लागलं तशी मी आणि गुल जमान उतरायला लागलो. अर्ध्या वाटेत वळून पाहिलं तर अण्णा तिथेच. उकिडवे बसून डिस्टिल्ड वॉटरची बाटली उघडत होते.

मी ओरडले, "अहो अण्णा, आता कशाला? ती कशालाच जोडलेली नाहीये!"

"तहान तर लागली आसंल की ओ," ते तिथूनच म्हणाले, आणि एकेका खणात बेतानं पाणी घालू लागले.